विश्लेषण : कॅम्पर ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांशी जुळती का ठेवतात?

ऑस्ट्रेलियात फोर-व्हील ड्राइव्ह गाडीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून आडरानात भटकंतीला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. असा ट्रेलर घेताना गाडीचीच चाके ट्रेलरला बसतील का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यामागे सुरक्षेचा आणि अडकून पडण्याच्या धोक्याचा हिशेब आहे.

चाके जुळवण्याचा मुख्य फायदा काय?

मुख्य फायदा स्टेपनीचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटर लांब आहे. मारी ते बर्ड्सव्हिल हा बर्ड्सव्हिल ट्रॅक ५००हून अधिक किलोमीटरचा आहे. अशा वाटांवर अणकुचीदार दगड असतात, तर पन्हाळी पत्र्यासारख्या लहरींमुळे चाके सतत हादरतात. टायरचे दुकान शेकडो किलोमीटर दूर असते.

गाडीची एक आणि ट्रेलरची एक अशा दोन स्टेपन्या सोबत असल्या, पण चाके वेगळी असली, तर गाडीचे दुसरे टायर फाटताच प्रवास थांबतो. ट्रेलरची स्टेपनी समोर असूनही उपयोगाची नसते. चाके एकसारखी असतील तर दोन्ही स्टेपन्या सहाही जागी चालतात. शिवाय अगदीच वेळ आली तर ट्रेलर सुरक्षित जागी सोडून त्याची दोन चाके गाडीला लावता येतात. दुरुस्तीचे सामान आणि पाना एकच पुरतो आणि टायर आलटून-पालटून सारखे झिजवता येतात.

‘पीसीडी’ म्हणजे काय?

चाक ज्या स्टडवर बसते, त्यांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ‘६ × १३९.७’ याचा अर्थ सहा स्टड आणि १३९.७ मिलिमीटर व्यास. टोयोटा हायलक्स, प्राडो, फोर्ड रेंजर आणि निसान पेट्रोल या गाड्यांत हेच माप आढळते. ऑस्ट्रेलियातील साध्या ट्रेलरना मात्र बऱ्याचदा पाच स्टडचे हब असतात : ‘फोर्ड’ नावाने ओळखले जाणारे ५ × ११४.३ किंवा ‘होल्डन’ नावाने ओळखले जाणारे ५ × १०८.

सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या केंद्रांमधील अंतर मोजले की पीसीडी मिळतो. पाच स्टड असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधील अंतराला ०.५८८ने भागावे. ५ × ११४.३मध्ये हे अंतर सुमारे ६७.२ मिमी, तर ५ × १०८मध्ये सुमारे ६३.५ मिमी भरते. फरक चार मिलिमीटरहून कमी असल्याने नजरेला तो जाणवत नाही. चुकीचे चाक जोर लावून आवळले, तर ते वाकडे बसते, नट सैल होतात आणि चालत्या ट्रेलरचे चाक निखळू शकते.

पीसीडी जुळला म्हणजे काम झाले का?

नाही. चाकाच्या मधल्या छिद्राचा व्यासही पाहावा लागतो. ६ × १३९.७ हे माप समान असूनही हायलक्सच्या चाकाचे छिद्र सुमारे १०६ मिमी, रेंजरचे ९३ मिमी, तर मित्सुबिशी ट्रायटनचे ६७ मिमी असते. ट्रेलरच्या हबवरील ग्रीसची टोपी जाड असेल, तर लहान छिद्राचे चाक त्यावरून आत जाणारच नाही.

दुसरी बाब नटांची. आटे आणि चाकावर टेकणारा नटाचा भाग, दोन्ही महत्त्वाचे. लोखंडी रिमला सहसा निमुळते नट लागतात, तर टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय चाकांना सपाट वॉशरचे. निमुळत्या खाचेत सपाट नट किंवा सपाट जागी निमुळता नट आवळला, तर पकड अपुरी राहते. म्हणून एकीकडे अलॉय आणि दुसरीकडे लोखंडी रिम असेल, तर दोन्ही प्रकारचे नट सोबत ठेवावे लागतात.

ऑफसेटचा घोळ कुठे होतो?

चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबवर टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात. रेंजरच्या मूळ चाकाचा ऑफसेट अधिक ५५ मिमी आहे, तर अनेक ट्रेलर शून्याच्या आसपासचा ऑफसेट धरून बांधलेले असतात. अशा ट्रेलरवर रेंजरचे चाक चढवले, तर प्रत्येक चाक ५५ मिमी आत सरकते आणि टायर पाट्यांना किंवा चासीला घासू शकते. उलट बाजूने ट्रेलरचे चाक गाडीला लावले, तर ते मडगार्डबाहेर येते आणि बेअरिंगवर ताण वाढतो.

मधे स्पेसर किंवा अ‍ॅडॅप्टर घालून हा फरक भरून काढणे हा सोपा उपाय वाटतो. पण ऑस्ट्रेलियात रस्त्यावरील वाहनांना असे जोड साधारणपणे चालत नाहीत. योग्य हब आणि योग्य लांबीचा अ‍ॅक्सल बसवून घेणे हा खरा मार्ग.

चाकोरी एकच असल्याने काय साधते?

वाळूत किंवा चिखलात गाडीची चाके जमीन दाबत पुढे जातात. ट्रेलरची चाके त्याच चाकोरीतून आली, तर त्यांना कमी विरोध होतो. अंतर वेगळे असेल, तर ट्रेलर स्वतःची नवी चाकोरी पाडत येतो आणि इंजिनवर भार वाढतो. मात्र यात मिलिमीटरचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. टोयोटा लँडक्रूझर ७० मालिकेच्या व्ही-८ गाड्यांत मागची चाकोरी पुढच्यापेक्षा सुमारे ९५ मिमी अरुंद होती. तरीही या गाड्या आडरानात वर्षानुवर्षे चालल्या.

टायरचे माप आणि भारक्षमता कशी तपासावी?

२६५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी आणि २६५/७० आर १६चा सुमारे ७७७ मिमी भरतो. म्हणजे रिम वेगळी असूनही बाहेरचा व्यास जवळपास तोच. ट्रेलरला नेहमी दिसणाऱ्या २३५/७५ आर १५चा व्यास मात्र सुमारे ७३३ मिमी आहे. असे लहान चाक फोर-व्हीलमध्ये चालणाऱ्या गाडीला लावले, तर चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि गिअर यंत्रणेवर घातक ताण येतो.

ट्रेलरला मोठे चाक लावण्याचीही किंमत असते. ७३३वरून ७७७ मिमीवर गेल्यास त्याच ब्रेकची पकड पाच-सहा टक्क्यांनी घटते. मडगार्डमधील मोकळी जागाही कमी होते.

भारक्षमता टायरवरील निर्देशांकावरून कळते. ११२ म्हणजे प्रति टायर १,१२० किलो. १,४०० किलोच्या ट्रेलरचे १४० किलो वजन टो बॉलवर असेल, तर दोन चाकांवर प्रत्येकी ६३० किलो येते. म्हणजे गाडीचे टायर येथे पुरून उरते. टायर एकच असले तरी हवा एकच नसावी. ती त्या चाकावरील वजनानुसार ठरवावी लागते.

प्रत्येकाने हा खर्च करावा का?

डांबरी रस्त्याने जाऊन कॅराव्हॅन पार्कमध्ये मुक्काम करणाऱ्यांना गरज नाही. त्यांना ट्रेलरची स्वतंत्र स्टेपनी पुरते. शिवाय गाडी बदलली की जुळवणी मोडू शकते. २०० मालिकेच्या लँडक्रूझरला ५ × १५० हे माप होते. २०२१मध्ये आलेल्या ३०० मालिकेत ते पुन्हा ६ × १३९.७ झाले. २०० मालिकेशी जुळवून घेतलेला ट्रेलर नव्या गाडीशी जुळत नाही. ट्रेलर गाडीपेक्षा जास्त वर्षे टिकतो, हे हब निवडताना लक्षात घ्यावे.

लांबच्या कच्च्या वाटेवर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी घरीच गाडीची स्टेपनी ट्रेलरला आणि ट्रेलरची गाडीला प्रत्यक्ष लावून पाहावी. चाक हाताने पूर्ण फिरवावे, काही घासते का ते बघावे, नट किती आटे आत जातात ते मोजावे. प्रवासात चाक बदलल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळणे आवश्यक आहे.