भीमेच्या काठानं, कार्तिकात

चपला काढा. घड्याळ आणि मोबाइलही इथंच राहू द्या. 1890च्या आसपासचा कार्तिक आहे आणि तुम्ही नीरा-नरसिंहपूरच्या घाटावर उभे आहात. पंढरपूरला रेल्वे यायची आहे 1906 साली. आज तिथं पोचायचं ते पायांच्या किंवा बैलांच्या जोरावर.

पहाटेचा काळोख. नदीवरून येणारं वारं ओल्या गाळाचा वास घेऊन थेट घोंगडीत शिरतं. कुणीतरी वाकून तुमच्या पाया पडतं. दचकू नका; तुम्हीही वाका, त्याच्या पायांना हात लावा आणि ‘माउली’ म्हणा. ओळख झाली. होडीत मांडीला मांडी लागलेली, कुणाचे टाळ तुमच्या कुशीत रुततात, तळाशी साचलेलं गार पाणी घोट्याला झोंबतं. नीरा ओलांडली की वाट चुकायची भीती नाही : भीमा डाव्या हाताला ठेवायची आणि पाण्याच्या संगतीनं खाली चालत राहायचं.

पुढे पताका, मागे टाळकरी, मधे मृदंग, विणेकरी आणि त्यांच्यामागं डोईवर तुळस घेतलेल्या बाया. तुम्ही टाळकऱ्यांत घुसा. पहिला तासभर पाऊल चुकेल, मग आपोआप पडायला लागेल. नदीपलीकडून सूर्य वर येतो, दवानं भिजलेली शाळूची पानं पोटऱ्यांना घासतात, तुरीला पिवळी फुलं लागलेली दिसतात. चहाची तल्लफ आली? या वाटेवर चहा अजून आलेला नाही.

आषाढीचं कौतुक सगळेच करतात. माझं मन मात्र कार्तिकीत रमतं. आषाढीला डोक्यावर पाऊस असतो आणि जीव अर्धवट राहिलेल्या पेरणीत. आता बाजरी निघाली आहे, शाळू गुडघ्याला आला आहे, म्हणून ही माणसं अशी मोकळ्या गळ्यानं गातात. शेजारच्या टाळकऱ्याकडे पाहा. महिनाभर कणसं खुडून बोटं चिरली आहेत, तरी टाळ सुटत नाही.

दुपारी ऊन चढतं. काळ्या रानातली ढेकळं विटेसारखी टणक, त्यात बाभळीचा काटा टाचेत मोडतो. मागून एक आजी येते, तुमचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेते आणि त्यावर रुईचा चीक सोडते. “चाल आता, लेकरा.” पुढे विहिरीवर मोट चालू आहे, चाक करकरतं, बैल धावेवरून उतरतात आणि थारोळ्यात पाणी धबाधबा कोसळतं. ओंजळ लावा. पाण्याला चामड्याची चव आहे, पण इतकं गोड पाणी तुम्ही कधी प्याला नसाल. खळ्यावर बैल तिवड्याभोवती फिरतात, भूस उडून मानेला खाजतं. खळ्याची मालकीण नव्या बाजरीची गरम भाकरी आणि कारळ्याची चटणी हातावर ठेवते. तुमचं नावही विचारत नाही.

रात्री शेणी पेटतात. धूर, पिठल्याचा वास, करडईच्या तेलाची दिवटी, वर अष्टमीचा अर्धा चंद्र. कुणी हळू आवाजात पटकीचं नाव काढतो. क्षणभर सगळे गप्प होतात. मग मृदंगावर थाप पडते आणि भजन उभं राहतं.

तिसऱ्या दिवशी, दशमीच्या उन्हात, कळस दिसतो. माणसं धावत सुटतात, तुम्हीही धावा. वाळवंटात पाय टेकवायला जागा नाही. बुक्का, घाम, तुळस, ओली धोतरं, चुरमुऱ्यांची टोपली घेऊन ओरडणारी पोरं. शंभर दिंड्यांचे टाळ एकमेकांवर आदळून कान बधिर होतात. चंद्रभागेत बुडी मारा. गार पाणी टाचेच्या त्या जखमेला झोंबेल. पुंडलिकाला हात जोडा आणि वाळूतच बसा. विठोबाच्या पायांवर डोकं टेकायची बारी यायला रात्र सरेल.

उद्या एकादशी, उपास. आजीनं पदराखालून शेवटची भाकरी काढली आहे. अर्धी तिला द्या आणि अर्धी आत्ताच खाऊन घ्या.