सातबारा, सर्व्हर आणि चाचणीचा खासगी क्लाउड

खास प्रतिनिधी

शहापूर तालुक्यातील डोळखांब, किन्हवली किंवा मुरबाडमधील टोकावडे, धसई परिसरातील भात उत्पादकाला क्लाउड म्हणजे काय हे ठाऊक नसेल; पण ‘सर्व्हर डाउन’ हे शब्द त्याच्याही परिचयाचे झाले आहेत. पीककर्ज, नुकसानभरपाई, शासनाच्या आधारभूत केंद्रावरील भातविक्री या प्रत्येक कामाला सातबारा लागतो आणि त्यावर पिकाची नोंद असावी लागते. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाने तर शहापूरकरांना या उताऱ्याचे मोल नव्याने पटवून दिले.

राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि पिकाची नोंद स्वतः शेतकऱ्याने मोबाइलवरून छायाचित्रासह करावी, अशी व्यवस्था आली. हंगामी नोंदणीची मुदत संपत आली की राज्यभरातील मोबाइल एकाच वेळी या यंत्रणेचे दार ठोठावतात. अशा गर्दीत प्रणाली टिकेल काय, याचे उत्तर आधीच मिळवायचे असेल, तर चाचणीला पर्याय नाही.

खासगी क्लाउड म्हणजे काय?

अनेक सर्व्हर एकत्र जोडून त्यांची प्रक्रियाशक्ती व साठवणूक गरजेनुसार वाटून देण्याच्या पद्धतीला क्लाउड म्हणतात. ही व्यवस्था एकाच संस्थेच्या वापरासाठी राखीव असेल, तर तो खासगी क्लाउड. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०१४ मध्ये ‘मेघराज’ उपक्रमांतर्गत शासकीय खात्यांसाठी राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. या क्षेत्रातील प्रमुख मुक्तस्रोत प्रणाली ‘ओपनस्टॅक’ ही नासा व रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केली.

नवी सुधारणा थेट नागरिकांच्या वापरातील सर्व्हरवर चढविणे धोक्याचे असते. त्यासाठी मूळ यंत्रणेसारखीच दुसरी, चाचणीपुरती यंत्रणा उभारावी लागते. मात्र प्रत्येक सर्व्हरवर माणसाने बसून कार्यप्रणाली बसवायची म्हटले, तर दिवस मोडतात. शिवाय एखादी मांडणी एका यंत्रावर राहून जाते, दुसऱ्यावर आवृत्ती वेगळी पडते. मग चाचणीत आढळलेला दोष प्रणालीचा की मांडणीचा, हेच कळेनासे होते.

स्वयंचलित उभारणी कशी होते?

यावरील उपाय म्हणजे उभारणीचे काम यंत्राकडेच सोपविणे. त्याचे साधारण तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा नेटवर्कवरून सुरू होण्याचा. इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलेल्या ‘पीएक्सई’ पद्धतीत रिकामा सर्व्हर सुरू होताच नेटवर्ककडे पत्ता मागतो. ‘डीएचसीपी’ सेवा त्याला पत्ता देते आणि सुरुवातीची फाइल कोठे आहे ते सांगते. ती फाइल उतरवून घेऊन कार्यप्रणालीची स्थापना सुरू होते.

दुसरा टप्पा उत्तरपत्रिकेचा. डिस्कची विभागणी कशी करावी, वेळ कोणती धरावी, कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत, या प्रश्नांची उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहिलेली असतात. रेड हॅट लिनक्समध्ये तिला ‘किकस्टार्ट’, तर डेबियनमध्ये ‘प्रीसीड’ म्हणतात.

तिसरा टप्पा मांडणीचा. ‘पपेट’ (२००५) किंवा ‘अ‍ॅन्सिबल’ (२०१२) यांसारखी साधने लिखित सूचनांनुसार सर्व सर्व्हरवर एकसारखी मांडणी करतात आणि त्यावर क्लाउडची सेवा उभी राहते. केवळ प्रयोगासाठी ‘डेवस्टॅक’ ही आज्ञावली एकाच यंत्रावर छोटा ओपनस्टॅक उभारून देते. प्रत्यक्ष सेवेसाठी मात्र ती वापरू नये.

चाचणी संपली की सारी यंत्रणा पुसून टाकावी आणि त्याच सूचनांवरून पुन्हा उभारावी, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य आहे.

दक्षता आवश्यक

स्वयंचलन चूकही तितक्याच वेगाने सर्वत्र पोहोचविते. चाचणीचे नेटवर्क वेगळे न ठेवल्यास, नेटवर्कवरून सुरू होण्यास मुभा असलेला चालू सर्व्हरही स्थापनेच्या फेऱ्यात सापडून त्यावरील माहिती पुसली जाऊ शकते. उत्तरपत्रिकेत पासवर्ड उघडा लिहिणे टाळावे. सूचनांच्या फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. खातेदारांची खरी माहिती चाचणीत न वापरता कल्पित नोंदी घ्याव्यात.

आणखी एक पथ्य महत्त्वाचे. शहरातील वेगवान जोडणीवर उत्तम चालणारी प्रणाली माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावर अडखळू शकते. म्हणून चाचणीत मंद व मध्येच तुटणारे नेटवर्कही मुद्दाम निर्माण करावे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नोंद झाली नाही, तर तांत्रिक दोषाची किंमत शेवटी भात पिकविणाऱ्यालाच मोजावी लागते.