निऑनची रात्र आणि तिची नक्कल

चित्रपटात शहरी रात्र दाखवायची झाली की खिडकीबाहेर लुकलुकणारी लाल पाटी आणि खोलीतल्या चेहऱ्यावर पडणारा तिचा उजेड हे दृश्य हमखास येते. पुष्कळदा त्या खिडकीबाहेर पाटी नसतेच आणि त्या उजेडाचा निऑन वायूशी काही संबंध नसतो. ही नक्कल करण्याची कला जुनी आहे. प्रत्येक पिढीने निऑनचे एकेक लक्षण उचलले: कोणी त्याची लय, कोणी रंग, कोणी उजेडाचा मऊपणा. तुटपुंज्या खर्चात चित्रपट करणाऱ्याच्या कामी आजही हीच साठत आलेली समज येते. या इतिहासाचा एक धागा भारतीय विज्ञानाच्या इतिहासात गुंतलेला आहे.

जून १८९८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम रॅम्से आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी अतिशीत आर्गॉनमधून प्रथम निसटणारा वायू वेगळा केला, नळीत भरला आणि त्यातून वीज सोडली. नळी किरमिजी तेजाने उजळली. एरवी नव्या मूलद्रव्याची ओळख पटवायला वर्णपटदर्शकातून बारकाईने पाहावे लागे. येथे नुसत्या डोळ्यांनाही काही तरी नवे सापडल्याचे कळत होते. रॅम्सेंच्या मुलाने ‘नवा’ या अर्थाचा लॅटिन शब्द सुचवला आणि वडिलांनी त्याचे ग्रीक रूप घेतले. असे ‘निऑन’ हे नाव पडले.

त्याच १८९८ साली जमशेटजी टाटांची विज्ञान संस्थेची योजना आकार घेत होती. तिच्याविषयी सल्ला देण्यासाठी रॅम्से १९०० मध्ये भारतात आले, देशभर फिरले आणि त्यांनी बंगळुरूच्या बाजूने कौल दिला. पुढे १९०६ मध्ये ट्रॅव्हर्स संस्थेचे पहिले संचालक म्हणून रुजू झाले आणि १९१४ पर्यंत त्या पदावर राहिले. निऑन शोधणाऱ्या दोघांचाही हात भारतीय विज्ञान संस्थेच्या उभारणीला असा लागला आहे.

निऑनला प्रयोगशाळेतून रस्त्यावर आणले ते फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी. हवेच्या दहा लाख भागांत निऑनचे भाग जेमतेम १८. क्लोद यांचा व्यवसाय हवा द्रवरूप करून ऑक्सिजन काढण्याचा होता आणि त्यात हा दुर्मीळ वायू आपोआप हाती येत होता. डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटारप्रदर्शनात त्यांनी निऑनच्या लांब नळ्या पेटवून दाखवल्या आणि पुढच्या काही वर्षांत जाहिरातीच्या पाट्या या उजेडाने लिहिल्या जाऊ लागल्या.

गंमत अशी की, त्या काळच्या चित्रपटाला हा उजेड जवळजवळ दिसतच नव्हता. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला त्या सुमारास प्रचलित असलेली फिल्म निळ्या-हिरव्या रंगांना प्रतिसाद देई. लाल रंगाबाबत ती आंधळी होती. म्हणून तर ती लाल दिव्याच्या उजेडात धुता येत असे. निऑनची लाल पाटी अशा फिल्मवर काळपट, मेलेली उमटली असती. सर्व रंगांना संवेदनशील असलेली पॅन्क्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरात आली, तेव्हा कुठे कॅमेऱ्याला निऑन दिसू लागला.

दिसू लागला तरी तो कृष्णधवल होता. त्यामुळे १९४० च्या दशकातील अमेरिकी गुन्हेपटांनी निऑनचा रंग सोडून दिला आणि लय उचलली. स्वस्त हॉटेलची खोली, अंथरुणावर जागा असलेला माणूस आणि ठरावीक अंतराने उजळणारी-विझणारी भिंत. त्यासाठी खिडकीबाहेर एक दिवा आणि त्याच्यापुढे फळी धरणारा एक मदतनीस पुरे होई. पाटी न दाखवताही प्रेक्षक ती मनाने पाहत असे. हे गुन्हेपट बरेचदा थोड्या पैशांत होत आणि अंधारात नेपथ्याची उणीव झाकली जाई. १९५० च्या दशकात मुंबईच्या हिंदी गुन्हेपटांनीही छायाप्रकाशाची ही शैली आपलीशी केली.

रंग आला आणि प्रश्न बदलला. हिचकॉकच्या ‘रोप’ (१९४८) या चित्रपटात अखेरीस खिडकीबाहेरच्या पाटीचा लाल-हिरवा उजेड पात्रांवर आलटून पालटून पडतो. ते खिडकीबाहेरचे न्यूयॉर्क स्टुडिओत उभारलेले होते. ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये हॉटेलची खोली हिरव्या उजेडात न्हाऊन निघते. खरे तर हिरव्या किंवा निळ्या पाटीच्या नळीत निऑन नसतोच. तिथे आर्गॉन आणि पारा यांची वाफ असते आणि रंग काचेचा किंवा आतल्या लेपाचा असतो. रंगीत फिल्म त्या काळी इतकी मंद होती की, खऱ्या पाटीच्या उजेडात चेहरा नीट उमटणे अवघड होते. ईस्टमनच्या १९५० च्या रंगीत निगेटिव्हची संवेदनक्षमता १६ होती. आजचे कॅमेरे ८०० वर सहज काम करतात. म्हणून पाटी दिसायला ठेवायची आणि उजेड मात्र रंगीत जिलेटिन लावलेल्या मोठ्या दिव्यांचा पाडायचा, ही रीत पडली.

नकलेचे तिसरे सूत्र भारतात, निऑनशी काहीही संबंध नसलेल्या एका चित्रपटात घडले. ‘अपराजितो’ (१९५६) साठी बनारसच्या घराचे अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारले गेले. वरून मोकळे असलेल्या अंगणातला आकाशाचा पसरट उजेड थेट दिव्यांनी आणता येत नव्हता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले, दिवे खालून त्यावर सोडले आणि परतून येणाऱ्या उजेडात चित्रण केले. हा उजेड कुठून येतो, किती पसरतो, सावली कशी टाकतो, हे प्रश्न त्यांनी आधी विचारले. साधने नंतर आली.

हेच प्रश्न निऑनला विचारले की स्वस्त उत्तर सापडते. पाटी ही लांबट नळ्यांची असते. तिचा उजेड एका बिंदूतून येत नाही, त्यामुळे सावलीच्या कडा मऊ राहतात. आणि तो दुबळा असल्याने जवळचा गाल उजळतो, पण मागची भिंत अंधारात राहते. म्हणून रंगीत दिवा थेट चेहऱ्यावर रोखण्यापेक्षा तो थर्माकोलच्या पांढऱ्या तुकड्यावर किंवा भिंतीवर टाकून परतवावा. जमीन ओली केली की तोच उजेड दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. जिलेटिन निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जिलेटिन रंग घालत नाही, नको ते रंग अडवते. पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये लाल अंश कमी असतो, त्यामुळे लाल जिलेटिन लावताच तिचा उजेड मरतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये लाल भरपूर असतो, तो टिकतो. मात्र बल्ब तापतो, म्हणून जिलेटिन अंतरावर धरावे लागते.

ट्रॅव्हर्स यांनी पाहिलेले तेज शुद्ध लाल नव्हते. निऑनच्या वर्णपटातील ठळक रेषा साधारण ५८५ ते ७०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे पिवळ्या-नारिंगीपासून गडद लालपर्यंत पसरलेल्या आहेत. लाल एलईडीचा उजेड ६२५ च्या आसपास एकवटलेला असतो, म्हणून तो परका वाटतो. त्यात किंचित हिरवा मिसळला की तो नारिंगीकडे झुकतो. नुसत्या लाल उजेडात ओठ आणि गाल सारखेच फिकट दिसतात आणि डिजिटल कॅमेऱ्यातला लाल रंग ओसंडून चेहऱ्याचे तपशील पुसले जातात. थोडा मंद पांढरा उजेड सोबत ठेवला की चेहरा परत येतो.

राहिली लय. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणून साध्या ट्रान्सफॉर्मरवरची नळी सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. सेकंदाला २४ चौकटी घेताना १८० अंशांच्या शटरने प्रत्येक चौकट १/४८ सेकंद उघडी राहते आणि उजेड चौकटीगणिक किंचित बदलतो. शटर १७२.८ अंशांवर आणले की तो काळ १/५० सेकंद होतो, प्रत्येक चौकटीत बरोबर दोन स्पंदने सामावतात आणि चित्र स्थिर होते. दृश्यासाठी हवी असलेली लुकलुक मग हाताने, पुठ्ठा हलवून आणता येते.

खऱ्या पाटीला हजारो व्होल्ट लागतात. ओल्या जमिनीवर, घाईत, थोड्या माणसांनिशी काम करणाऱ्या पथकाने ती टाळण्याचे हे पैशाहून मोठे कारण आहे.

निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले, तोवर पाट्याही एलईडीकडे वळू लागल्या होत्या. बाजारात ‘निऑन’ म्हणून मिळणाऱ्या लवचिक पट्टीत आज निऑन नसतो. मूळ वस्तूच नक्कल झाली आहे. त्यामुळे १९७० च्या कोलकात्याची किंवा मुंबईची रात्र उभी करणाऱ्याला आता रस्त्यावर पाहून शिकता येणार नाही. नारिंगीकडे झुकणारा तो लाल, मऊ सावली आणि सेकंदाला शंभरदा होणारी थरथर हे सारे त्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून आणि जुन्या छायाचित्रकारांच्या कामातून वेचावे लागेल.