घाणा, करडई आणि आपला समाज

गेल्या काही वर्षांत लातुरात, पुण्यात आणि मुंबईत एक पाटी वारंवार दृष्टीस पडू लागली आहे : 'लाकडी घाण्याचे शुद्ध तेल'. ज्या घाण्याचा आवाज आपल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीतच गावोगावी बंद पडला, त्याचे नाव आज शहरातील गृहिणी आदराने घेतात. हंगामात पिकलेले, आपल्याच शिवारातले अन्न खावे अशी जी जाणीव लोकांत पुन्हा उत्पन्न झाली आहे, तिचेच हे एक अंग होय. ज्या तेली समाजाचा हा परंपरागत व्यवसाय, त्याच्या स्मरणिकेत या गोष्टीचा इतिहासाच्या अंगाने विचार व्हावा, हे उचितच आहे. मात्र तो केवळ अभिमानाने होऊ नये, इतकी आमची इच्छा आहे.

मुरुडच्या पंचक्रोशीतील काळी जमीन ओल धरून ठेवणारी. पावसाळा सरताना शेतकरी रब्बीची ज्वारी पेरी आणि तिच्यात ठराविक ओळींनंतर करडईचे पाटे टाकी. शेताच्या कडेनेही करडई लावीत. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत. तिला विहिरीचे पाणी लागत नसे. तिचे मूळ खोल जाऊन ओल शोधी. विरळणीत निघालेल्या कोवळ्या रोपांची भाजी हिवाळ्यात भाकरीबरोबर खाल्ली जाई. फाल्गुनाच्या सुमारास बी घरी येई आणि तेल काढल्यावर उरलेली पेंड गुरांपुढे जाई. तीळ, कारळ, भुईमूग ही खरिपाची आणि करडई, जवस ही रब्बीची गळिताची धान्ये. त्यांच्या क्रमानेच घाण्याचे वर्ष फिरे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बी कोरड्या कणगीत वर्षभर टिकते. काढलेले तेल तसे टिकत नाही. करडईचे तेल तर हवा लागून लवकर खवट होते. म्हणून लोक घरचे बी थोडे थोडे घेऊन तेल्याकडे येत आणि लागेल तेवढेच तेल काढवून नेत. घाणा गावातच असावा लागे, तो केवळ रूढी म्हणून नव्हे, तर तेलाच्या स्वभावामुळे. शेतकरी, तेली आणि गुरे यांचा परस्परांशी असलेला हा व्यवहार एकाच शिवारात पुरा होत असे.

इतक्या उपयोगी धंद्यास प्रतिष्ठा मात्र मिळाली नाही. दान कोणाकडून घेऊ नये हे सांगताना मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दहा कत्तलखान्यांचा दोष एका घाण्याच्या ठायी मानिला आहे. गावगाड्यात तेल्याची गणना अलुतेदारांत होई. डोळ्यांस ढापणे लावलेल्या बैलामागे दिवसभर फिरणे आणि बी चाळणे-निवडणे यांत घरातील स्त्रीपुरुषांचे आयुष्य जाई. याच कष्टकरी समाजातील संताजी जगनाडे महाराजांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेविले, हे सर्व महाराष्ट्र जाणतो. घाणा ही एकट्या आपल्या जातीची मिरासही नव्हती. कोकणातील बेने इस्रायल लोक तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस 'शनवार तेली' असे नाव पडले.

आता ही व्यवस्था मोडली कशी ते पाहू. मुरुड त्या काळी निजामाच्या राज्यात होते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी 1911 साली लातूरपर्यंत पोहोचली आणि या मार्गावर मुरुडलाही स्थानक झाले. गाव पेठेला जोडले गेले. शेतकऱ्यास बियाचा रोख पैसा मिळू लागला, ही त्याच्या दृष्टीने मोठीच सोय होती. परंतु गिरणीच्या यंत्राचा दाब मोठा, पेंडीत तेल कमी राही. त्यामुळे बियाला जो भाव गिरणीस परवडे, तो घाण्यास परवडत नसे. पुढे तेल शुद्ध करून डब्यात भरण्याची रीत आली आणि ते न टिकण्याची अडचणही दूर झाली. 1937 साली 'डालडा' बाजारात आला. ज्या कारणासाठी घाणा गावात असावा लागे, ते कारणच उरले नाही.

या पडझडीची दखल कोणी घेतलीच नाही, असे मात्र नव्हे. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्धा हे त्याचे केंद्र आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा घडविल्या. 1957 साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने हे काम पुढे चालविले. घाणा सुधारला खरा. परंतु त्याला लागणारे बी गावात राहील, ही हमी कोणालाच देता आली नाही.

पुढे ते बीही शिवारातून ओसरू लागले. 1994 साली पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेल खेड्यातील दुकानापर्यंत पोहोचले. त्याच सुमारास लातूर भागात सोयाबीन पसरू लागले. ते सुमारे शंभर दिवसांत हाती येते आणि त्याला पेठ तयार असते. करडईची काढणी मात्र पहाटे, दवाने काटे मऊ असताना करावी लागते. त्या कामाला मजूर मिळेना. शेतकऱ्यास याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. 2008 पर्यंत अरुंद रुळांची जागा रुंद रुळांनी घेतली. तोवर करडईचे पाटेही विरळ झाले होते.

आज देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. अशा वेळी लाकडी घाण्याकडे लोक वळत आहेत, याचा आम्हांस आनंद आहे. हे नवे घाणे विजेवर चालतात. बैलाचे आणि माणसाचे हाल वाचले, हे बरेच झाले. परंतु त्यांत पडणारे बी कोठून येते, हा प्रश्न ग्राहक क्वचितच विचारतो. दूरच्या प्रांतातून आलेले बी येथे गाळले आणि वर घाण्याची पाटी लावली, तर पाटी खोटी ठरत नाही. पण शिवाराशी असलेले ज्याचे नाते सांगून ते तेल विकले जाते, ते नाते त्यात नसते.

म्हणून आपल्या समाजातील जे तरुण हा धंदा पुन्हा हाती घेऊ पाहत आहेत, त्यांस आमची विनंती आहे. घाणा विकत घेण्यापूर्वी पंचक्रोशीतील दहा शेतकऱ्यांना भेटावे, पेरणीच्या आधी करडईचा भाव ठरवावा आणि तो शब्द पाळावा. बी साठवावे आणि तेल ताजे काढावे. डब्यावर गावाचे नाव आणि बियाच्या हंगामाचे वर्ष लिहावे. एवढे भांडवल सर्वांपाशी नाही, हे आम्ही जाणतो. समाजाच्या पतसंस्था आणि मंडळे यांनी सत्कारसमारंभांवरील थोडा खर्च इकडे वळविल्यास मार्ग निघेल. आपल्या वाडवडिलांस या धंद्याने मान दिला नाही, पोट मात्र दिले. येत्या पिढीस दोन्ही मिळावयाचे असेल, तर मुरुडच्या काळ्या रानात करडई पुन्हा पेरली गेली पाहिजे.