तिळाची बिस्किटे आणि एक चुकलेली तारीख

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी लिहून गेलो की, आमच्या गडचांदूरकडे घरी भाजली जाणारी तिळाची बिस्किटे ही निजामी राजवटीची खूण होय. आधार दोनच. राजुरा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानात होता; आणि आई म्हणायची, "ही जुनी पद्धत आहे." यंदा आईची पाककृतींची वही हाती आली, आणि ते विधान मागे घेणे भाग पडले.

तीळ जुनाच. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत; 'तेल' हा शब्दच 'तिला'वरून आला. पण आमच्या भागातले तिळाचे जुने पदार्थ पाहा. संक्रांतीचे लाडू पाकातले. भोगीची तीळ लावलेली भाकरी तव्यावरची. शेजारच्या तेलंगणातील सकिनालू आणि अरिसेलू तेलात तळलेले. अरिसेलू म्हणजे आपल्या अनारशांचे भावंडच, फक्त खसखशीच्या जागी तीळ. बंद भट्टीत भाजण्याची सोय सामान्य घरात नव्हतीच. नानकटाईसाठीसुद्धा पीठ, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेण्याची रीत महाराष्ट्रभर होती.

आता वहीतली कृती: दोन वाट्या मैदा, वाटीभर पिठीसाखर, पाऊण वाटी डालडा, अर्धी वाटी भाजलेले तीळ, चमचाभर बेकिंग पावडर. कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाशी वाळू पसरून दहा मिनिटे तापवायची, मग ताटली ठेवून मंद आचेवर बिस्किटे भाजायची.

डालडा बाजारात आला १९३७ साली. घरगुती प्रेशर कुकर देशात बनू लागले ते १९५९च्या सुमारास. निजामाची राजवट तर सप्टेंबर १९४८ मध्येच संपली होती. राजुरा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे ज्या कुकरावर ही कृती उभी आहे, तो येण्याआधीच निजाम गेलेला होता.

मग ती आली कुठून? उत्तर कृतीखालीच होते, पेन्सिलीने लिहिलेले: "कॉलनीतल्या काकूंकडून." १९८०च्या दशकात गडचांदूर, आवारपूर परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. परप्रांतांतून कुटुंबे आली आणि क्वार्टरच्या ओट्यावर वाट्यांची देवाणघेवाण सुरू झाली. त्या काकूंचे नाव वहीत नाही, गावही नाही.

आई खोटे बोलत नव्हती. जी गोष्ट तिने तीस-चाळीस दिवाळ्या केली, ती तिच्या लेखी जुनीच. चूक माझी. गावाच्या इतिहासाला वजन यावे म्हणून मी राजदरबार शोधत गेलो, आणि ज्या बाईने कुकरात वाळू घालून आईला बिस्किटे शिकवली, तिचे श्रेय निजामाच्या खात्यावर मांडून बसलो. ती नोंद आज इथे दुरुस्त करतो.