हाडोळ्याची जमीन, राज्याचे कायदे आणि आपल्या वारसांचा हक्क

महार वतनाची जमीन हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "ती गुलामगिरीची खूण होती, गेली ते बरे झाले." दुसरा म्हणतो, "आमच्या आज्याची जमीन गावातल्या बड्यांनी खाल्ली." दोन्ही खरे आहे. पण ही जमीन कोणत्या कायद्याने बांधली, कोणत्या कायद्याने सोडवली आणि आज कोणत्या कायद्याने राखता येते, हे सांगणारा तिसरा सूर क्वचितच ऐकू येतो. आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो, कारण इस्टेट राखण्याचा विचार ही फक्त बंगलेवाल्यांची गरज नाही. दीड एकर हाडोळा असलेल्या कुटुंबाला तो जास्त करावा लागतो.

सुरुवात 1874 पासून करू. त्या वर्षीच्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनी जमीन वतनाबाहेरच्या माणसाला सरकारच्या मंजुरीशिवाय कायमची देण्यास बंदी घातली. हेतू महारांची मालमत्ता सांभाळण्याचा नव्हता. जमीन गेली तर गावकी कोण करणार, ही सरकारची चिंता होती. सांगावा नेणे, सारा पोचवणे, मेलेली गुरे ओढणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, या सगळ्या राबणुकीचा मोबदला म्हणजे तो तुकडा. 1886 च्या दुरुस्तीने आणखी एक गाठ मारली. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर वतन कुटुंबातल्या बाईचा वारसा पुरुषांच्या मागे ढकलला गेला. म्हणजे जातीची गुलामी आणि बाईची वंचना एकाच कायद्यात नांदत होती.

बाबासाहेबांनी ही गाठ नेमकी ओळखली. 1928 साली मुंबई विधिमंडळात त्यांनी याच 1874 च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदाराला गावकीतून सुटायचे असेल तर सुटता यावे, पूर्ण सारा भरून जमीन मात्र त्याच्याकडेच राहावी, ही त्यातली महत्त्वाची मागणी होती. गावकी जावी, पण जमीन जाऊ नये! "वतन सोडा" एवढेच लक्षात ठेवणाऱ्यांनी या मागणीचा दुसरा अर्धा भागही वाचला पाहिजे. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले, पण दिशा ठरली होती.

ही दिशा कायद्यात उतरायला तीस वर्षे लागली. तेव्हाच्या मुंबई राज्याने 1958 साली कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा केला. सेवा संपली. जमीन सरकारकडे गेली आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती परत द्यायची ठरली. अट अशी की कलेक्टरच्या पूर्वमंजुरीशिवाय आणि शासन ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय ती विकता येणार नाही, सरस-निरस वाटूनही घेता येणार नाही. ज्यांना रक्कम भरणे जमले नाही, किंवा भरायची असते हेच कोणी सांगितले नाही, ते आपल्याच जमिनीवर बेकायदा कब्जेदार ठरले.

इथे आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे. विक्रीवरचे बंधन 1874 मध्ये बेडी होते, 1958 नंतर ते ढालही झाले. काही मित्र म्हणतात, "सगळ्यांच्या जमिनी मोकळ्या, आमच्याच का अडकलेल्या?" प्रश्न रास्त आहे. पण शहराची हद्द गावाला भिडली की कुणाला ही जमीन हवी असते? 2025 च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे 40 एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तो याच मंजुरीच्या अटीमुळे उघड्यावर आला. अट नसती तर तो निव्वळ एक खरेदीखत म्हणून दप्तरात गेला असता.

मात्र ढाल हातात धरावी लागते. सातबाऱ्यावर मेलेल्या पणजोबाचे नाव, खाली चाळीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, आणि गावातल्या एकाने सह्या गोळा करून दिलेले कुलमुखत्यारपत्र. जमिनी अशाच जातात. म्हणून वारस नोंद लावून घ्या. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे वारसाहक्काची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते. फेरफार उतारा काढून कब्जेहक्काची रक्कम भरल्याची नोंद शोधा. न वाचता कुलमुखत्यारपत्रावर सही करू नका. स्वकष्टाच्या घराचे, प्लॉटचे मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नसली तरी करून ठेवावी. वर्ग 2 च्या जमिनीबाबत मात्र आधी वकिलाला शर्त दाखवा.

आता शेवटचा आणि घरातला मुद्दा. आपण बौद्ध असलो तरी वारसाबाबत आजही 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदाच आपल्याला लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 सालीच केली, तीही त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने 2005 मध्ये ती उणीव भरून काढली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही असे स्पष्ट केले. तरीही आपल्या वस्त्यांत भाऊबीजेच्या साडीवर बहिणीचे हक्कसोडपत्र होते. मुलीच्या वाट्यासाठी ज्यांनी हिंदू कोड बिल लढवले आणि 1951 मध्ये मंत्रिपद सोडले, त्यांचा फोटो भिंतीवर आणि हक्कसोडपत्र कपाटात, हे जमणार नाही. बहिणीचे नाव कापणारा भाऊ 1886 चाच कायदा घरात चालवतो आहे.

जमीन सावकाराने घेतली, बिल्डरने घेतली, तर आपण मोर्चा काढतो. काढलाच पाहिजे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी 1964 साली तुरुंग भरले, ते जमिनीसाठीच. पण ज्यांच्याकडे तुकडा उरला आहे त्यांनी तो राखणे हेही त्याच चळवळीचे काम आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार सातबारा वाचायला द्या. तरुणांनी शिकून घ्यावे, म्हाताऱ्यांना वाचून दाखवावे, आणि वारसांच्या यादीत बहिणींची नावे आहेत का ते आधी पाहावे.

जयभीम!