आभासी डेस्कटॉप
संगणकाच्या एकाच पडद्यावर अनेक स्वतंत्र कार्यक्षेत्रे राखून, कळ दाबताच एकातून दुसऱ्यात जाण्याची सोय. पडद्याचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. उघड्या खिडक्यांची मात्र कामानुसार विभागणी होते.

भोसरीसारख्या औद्योगिक क्षेत्रात या सोयीची गरज सहज ध्यानात येते. वाहनउद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या तेथील लहान कारखान्यांत भागाचे आरेखन, खरेदी आदेश, तपासणीचा तक्ता व जमाखर्च ही कामे पुष्कळदा एकाच संगणकावर होतात. आरेखनाला सबंध पडदा लागत असल्याने बाकीच्या खिडक्या त्याखाली दडतात.

या अडचणीचा मूलगामी विचार अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड यांनी केला. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार चालू कार्यक्रमाला एका वेळी स्मृतीतील थोडीच पाने लागतात. तीही एकत्र मावली नाहीत, तर संगणकाचा वेळ त्यांची ने-आण करण्यातच जातो. माणूस खिडक्याही अशाच गटागटाने वापरतो, हे ओळखून या दोघांनी १९८६ मध्ये ‘रूम्स’ ही प्रणाली मांडली. तीत प्रत्येक कामाला एक ‘खोली’ व खोल्यांना जोडणारी ‘दारे’ होती. एकच खिडकी अनेक खोल्यांत ठेवता येई. ही शेवटची सोय पुढील कित्येक प्रणालींना साधलेली नाही.

युनिक्सवरील एक्स विंडो प्रणालीत खिडक्यांची मांडणी करणारा कार्यक्रम वेगळा असल्याने तो कोणासही नव्याने लिहिता येतो. त्यामुळे व्हीटीडब्ल्यूएम (१९९०) व एफव्हीडब्ल्यूएम (१९९३) यांनी ही कल्पना लवकर रुजविली. लिनक्सवर ती पुढे सर्वसामान्य झाली. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेल्या, मराठीची सोय असलेल्या ‘बॉस’मध्येही ती आली. मॅकवर ती त्याच वर्षी ‘स्पेसेस’ या नावाने अवतरली.

कारखानदाराला याचा लाभ उशिरा झाला. ऑटोकॅड ही आरेखनाची प्रचलित आज्ञावली १९९७ च्या चौदाव्या आवृत्तीपासून केवळ विंडोजवर चालू लागली; मॅकवर ती २०१० मध्ये परतली. विंडोज एनटीच्या अंतर्रचनेत अनेक डेस्कटॉपांची तरतूद होती, परंतु तेथे एका डेस्कटॉपवरील खिडकी दुसऱ्यावर हलविता येत नसे. एक्सपीसाठी चार डेस्कटॉपांचे पूरक साधन निघाले, ते वेगळे बसवावे लागे. मूळ प्रणालीचा भाग म्हणून ही सोय २०१५ च्या विंडोज १० मध्येच सर्वांना मिळाली. तेथे कंट्रोल व विंडोज या कळांसह बाणाची कळ दाबली की डेस्कटॉप बदलतो.

अशा डेस्कटॉपांत फाइली व स्मृती समाईक असतात. नजरेआड केलेली आरेखनाची खिडकी स्मृतीतील आपली जागा अडवूनच असते, आणि संगणकापुढे बसणाऱ्या कोणासही ती उघडता येते.